अंबिलीतलं तूप

माझ्या हाताला एकच काम येत होतं, बाळंतिणीचं अंग रगडायचं. सासूने ते शिकवलं. सासू गेल्यावर राजमाचीच्या वाटेवरच्या आमच्या चार वाड्यांत ते करणारं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं. मला स्वतःला मूल झालं नाही. नवरा तापाने गेला त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. लोकांच्या लेकी महिना-सव्वा महिना माझ्या हाताखाली असत. अंग भरून यायचं, गालावर रंग चढायचा, आणि मग एक दिवस त्या मूल घेऊन उठून जात. मी घरी येऊन एका माणसाची भाकरी थापत असे.

छत्तीस साली, आषाढात, लोणावळ्याच्या एका बंगल्यावरचा माळी गोविंदा मला शोधत वर आला. कामशेतला महिपतरावांची भाताची वखार आहे, त्यांच्या बायकोचं अंग रगडायला बाई पाहिजे, राहायला बंगल्यावरच यायचं, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, किती दिवसांची बाळंतीण आहे?

गोविंदा हसला. "बाळंतीण न्हाई गं. वाळवायचीय तिला."

मला वाटलं थट्टा करतोय. आमच्याकडे माणूस वाळतं ते दुखण्याने, नाहीतर उपासमारीने. बाई लावून, बंगल्यात ठेवून कुणी माणूस वाळवतं हे मी ऐकलं नव्हतं.

बंगला मुंबईच्या शेटचा. शेट उन्हाळ्यात यायचे, पावसाळ्यात तो रिकामा असायचा; घरच्या खाण्यापासून बायको लांब राहावी म्हणून महिपतरावांनी त्यातली खोली तेवढ्यापुरती भाड्याने घेतली होती. भिंतींना बुरशी, कपडे आठ-आठ दिवस ओले, आणि खिडकी उघडली की धुकं घरात येऊन बसायचं. अशा त्या मोठ्या घरात मागच्या एका खोलीत कस्तुराबाई राहत होती. सव्वीस वर्षांची, गोरी, तळेगावची लेक, मराठी चार इयत्ता शिकलेली. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि पोटी मूल नव्हतं. वैद्याने सांगितलं होतं की पोटावरच्या मेदाने गर्भ धरत नाही. ते तिच्या सासूने, बयाबाईने, धरून ठेवलं.

तिची कथा बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. कामशेतला तांदळाचं भरलं पोतं अडीच मणांचं, म्हणजे शंभर शेरांचं. जेठात एका दुपारी महिपतरावांनी हमालांना भाकरीला लावून दिलं आणि वखारीच्या मोठ्या काट्यावर एका पारड्यात पोतं आणि दुसऱ्यात बायको बसवली. काटा सरळ राहिला. हमालांना पाठवून काय उपयोग, दिरानेच ते चार ठिकाणी सांगितलं. मग महिपतरावांनी शब्द दिला, की कस्तुरा पावणेदोन मणांवर आली तर ते दुसरं लग्न करणार नाहीत. मुदत त्रिपुरी पुनवेपर्यंत. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि पवनेकडची एक मुलगी बघून ठेवलेली होती.

म्हणजे माझ्या हाताखाली एक संसार होता. हे मला पहिल्या दिवशीच समजलं होतं. नंतर मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

वैद्याने तेल वर्ज्य केलं होतं. कुळीथ भाजायचे, दळायचे, फडक्यातून गाळायचे, आणि ते कोरडं पीठ अंगाला चोळायचं. हात पायापासून वर न्यायचा, अंगावरच्या केसांच्या उलट. माझा हात जन्मभर वरून खाली, तेलाने, सुलटा गेलेला. पहिले चार दिवस तो आपोआप खाली घसरायचा आणि कस्तुरा म्हणायची, "मावशी, उलटा." मग हसायची. तिला हसायला एवढंसं कारण पुरायचं. तिच्याशी बोलायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. माझ्याशीही नव्हतं.

खायला सकाळी कोमट पाणी आणि मध, दुपारी जवाची एक भाकरी आणि मुगाचं कढण, संध्याकाळी नाचणीची अंबील. तूप नाही, गूळ नाही, भात तर डोळ्यांनीही दिसायचा नाही. भाताच्या वखारीची मालकीण, पण भात नाही. ती म्हणायची, शिजत्या आंबेमोहराचा वास तिला झोपेत येतो.

दुपारी वेळ जायचा नाही. रगडून झालं की परातीत पीठ उरायचं. एके दिवशी तिने ते बोटाने सारखं केलं आणि त्यावर काहीतरी काढून मला विचारलं, हे काय? मी म्हणाले, कोयता. तो 'प' होता. माझं नाव पुतळा, म्हणून तिने तिथून सुरुवात केली. चार-पाच दिवसांत एक अक्षर. चुकलं की परात हलवायची, पीठ पुन्हा सपाट. चाळिशीच्या बाईने असं काही करावं याची मला लाज वाटायची, पण दुपार होण्याची मी वाट बघत असे.

दर पुनवेला आम्ही गाडीने कामशेतला जायचो. श्रावणात ती सव्वादोन मण भरली. दहा शेर कमी. परतताना गाडीत तिने माझा हात धरून ठेवला होता. भादव्यात गौरींसाठी तिला चार दिवस घरी बोलावलं. चार दिवसांत सासूने, शेजारणींनी, नणंदेने पानात काय काय वाढलं आणि नाही म्हटलं तर काय काय ऐकवलं ते तिने मला सगळं सांगितलं. "न्हाई खाल्लं तर गौरीचा अपमान, आणि खाल्लं तर माझ्या भुकेला नावं ठेवायची," ती म्हणाली. त्या पुनवेला काटा एक शेर वर गेला. बयाबाई पारड्याशीच उभी होती. ती म्हणाली, पाणी पिऊन वाढते ही, हिला काय करणार.

त्यानंतर कस्तुराने भाकरी सोडली. पुढे कढणही सोडलं. मी ताट ठेवायची, ती ते गोविंदाच्या कुत्र्याला घालायची. नवरात्रात तिने नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढले. उपास आहे म्हटलं की कुणी बोलत नाही. कोजागिरीला ती दोन मणांवर आली. महिपतराव खूश झाले. त्यांनी स्वतः हात देऊन तिला पारड्यातून उतरवली. मी ते पाहिलं, आणि तिच्या तोंडावर काय आलं तेही पाहिलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याला काट्याशिवाय काही बघता येत नव्हतं, एवढंच.

त्याच दिवशी लोणावळ्याच्या स्टेशनावर उतरताना ती माझ्या अंगावर कोसळली.

दुसऱ्या दिवशी रगडायला बसले तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. इतके दिवस मी काय कमी झालं तेच बघत होते. आता काय उरलं ते पाहिलं. पोटाचं कातडं रिकाम्या पोत्यासारखं सुटलेलं, त्यावर पांढऱ्या रेघा. कोपर राखेसारखे. फणीत केसांचा गुंडा यायचा. ओठांच्या कडा फाटलेल्या. तिने पोटाचं कातडं चिमटीत धरून उचललं आणि विचारलं, "हे कुणाचं आहे गं मावशी? माझं तर असं नव्हतं."

मी मसुराचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा आणि संत्र्याच्या सालीची पूड असं उटणं केलं. त्यात साय घातली. साय खायला बंदी होती, लावायला नव्हती. तीन दिवस लावलं. कातडं ते पीत नव्हतं, वरच्या वर सुकून पापुद्रे पडत होते. माझी सासू म्हणायची, कातडं म्हणजे दिव्याचा उजेड. वात कितीही सारखी करा, आत तेल नसेल तर उजेड कुठून येणार.

आमच्या वाडीच्या वर धनगरांचा वाडा होता. मी वेचलेले हिरडे त्यांना दिले आणि गाडगंभर लोणी आणलं. बंगल्याच्या मागे, गोविंदा बाजारात गेल्यावर, ते कढवलं. संध्याकाळच्या अंबिलीत दोन चमचे तूप घातलं आणि वरून ताक ओतून ढवळलं. आंबटाच्या वासात तुपाचा वास मोडतो.

कस्तुराने वाटी तोंडाला लावली. थोडी थांबली. मग सगळी प्याली, पदराने तोंड पुसलं आणि वाटी माझ्याकडे दिली.

ती पहिली वाटी दयेची होती. हे मी आजही सांगेन. बाळंतीण हाताखाली वाळायला लागली तर रगडणारी बाई काय करेल? तिला खाऊ घालेल. माझ्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. आठ-दहा दिवसांत तिच्या ओठांच्या कडा मिटल्या. घेरी यायची थांबली. उटणं अंगाला लागू लागलं.

दिवाळी आली. तिला घरी बोलावणं नव्हतं. पुन्हा चार दिवसांत खाऊन बसेल, म्हणून त्रिपुरीपर्यंत तिथेच राहू दे, असा सासूचा निरोप आला. नरकचतुर्दशीला मी बंब पेटवला. वैद्याने तेल वर्ज्य केलेलं होतं, तरी सणाचं म्हणून थोडं लावलं आणि उटणं चोळून तिला न्हाऊ घातलं. त्या दिवशी माझा हात सुलटा गेला. तिने मला उलटा म्हणून सांगितलं नाही. न्हाऊन ती ओसरीवर केस सुकवत बसली. धुकं गेलं होतं, समोरचे डोंगर धुतल्यासारखे दिसत होते. तिच्या हातांवर, गळ्यावर अशी चमक होती की मला सासूची आठवण झाली. एवढं चांगलं उटणं माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं.

ती बोलत होती. घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करायचं ते. स्वयंपाकघरात जायचं आणि स्वतःच्या हाताने भात लावायचा. खायचा नाही, फक्त लावायचा. नवऱ्याला वाढायचा. मग विडे करायचे. तिच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटत होतं, आणि मी सहज विचारलं, की मग पुन्हा हिकडे कधी येणार?

"आता कशाला येईन?" ती म्हणाली. "तुमीच या की कवातरी. कामशेत काय लांब न्हाई."

तिचं काही चुकलं नव्हतं. कुणीही हेच म्हणालं असतं. पण मला बंगल्याची ती खोली रिकामी दिसली, परात दिसली, आणि मग माझं घर दिसलं, त्यातली एक थाळी. मी आत गेले. त्या संध्याकाळी अंबिलीत दोन नाही, चार चमचे तूप पडलं. दुसऱ्या दिवशीही चारच. कातड्यासाठी घालते आहे, असं मी मनाशी म्हणत होते. तिचं कातडं तर केव्हाच नीट झालं होतं.

किती भरेल याचा मी विचार केला नाही. काटा थोडासा वर राहील, महिपतराव म्हणतील, अजून दोन महिने राहू दे, पौषापर्यंत बघू, असं मला वाटत होतं. मी बाळंतिणीची बाई. भाताच्या व्यापाऱ्याला मुदत म्हणजे काय असते ते मला कळत नव्हतं.

त्रिपुरी पुनवेला आम्ही सकाळच्या गाडीने कामशेतला गेलो. कस्तुराने हिरवं लुगडं नेसलं होतं. वखारीत नवा भात येऊन पडला होता आणि सगळीकडे त्याचा वास होता. हमाल बाहेर गेले. बयाबाई खुर्चीवर बसली होती. महिपतरावांनी एका पारड्यात एक मणाचं वजन ठेवलं, मग वीस शेरांचं, मग दहाचं. पावणेदोन मण. कस्तुरा दुसऱ्या पारड्यात बसली आणि साखळी धरली.

ते पारडं जमिनीवरून उचललंच नाही.

महिपतरावांनी पाच शेर वाढवले. मग पाच. मग दोन. प्रत्येक वेळी ते वजन हळू ठेवत होते, जसं काही जोरात ठेवलं तर ते जास्त भरेल. दोन मणांवर दोन शेर झाले तेव्हा काटा सरळ आला. त्यांनी एकदा कस्तुराकडे पाहिलं आणि खाली बघून वजनं उतरवायला सुरुवात केली. मोठ्यापासून, एकेक, जागच्या जागी.

कस्तुरा पारड्यातच बसून होती. "उतर आता," बयाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तूप मी घातलं, हिला माहीत नाही, असं म्हणायला किती वेळ लागतो? ते शब्द माझ्या जिभेवर होते. पण मग त्यांनी विचारलं असतं, का घातलंस, आणि त्याचं उत्तर मला चारचौघांत देता आलं नसतं. मी पदर तोंडावर धरून उभी राहिले. त्यांना वाटलं असेल, बाई कळवळली.

कस्तुराला लोणावळ्याला परत पाठवलंच नाही. आता खर्च कशाला, असं ठरलं. तिने माझ्याकडे वळून एवढंच सांगितलं की तिची फणी खिडकीत राहिली आहे, कुणाबरोबर तरी पाठवा. मी एकटी गाडीने परत आले. मध्ये एकच स्टेशन लागतं, मळवली. तेवढ्यात मला कळलं की मी तिला ठेवून घ्यायला निघाले होते आणि तिचं घर गेलं, मला तर काहीच राहिलं नाही. बंगल्यावर परातीत पीठ पसरलेलं होतं. सकाळी निघायच्या घाईत तिने त्यावर 'क' काढून ठेवला होता, सामान न्यायला परत आल्यावर शिकवायला. मी फणी गोविंदाकडे दिली आणि वर निघून गेले.

मार्गशीर्षात महिपतरावांचं लग्न झालं.

मी आठ वर्षं कामशेतला गेले नाही. उरलेली अक्षरं पुढे खालच्या वाडीत मास्तर आला त्याच्याकडे शिकले. 'क' मात्र मला त्या परातीमुळे आधीच येत होता. येणाऱ्याजाणाऱ्याकडून कानावर यायचं की नव्या बाईला, नंदाबाईला, तीन मुलं झाली, आणि थोरली बायको वखारीमागच्या खोलीत असते, तिला कुणी वाईट वागवत नाही.

लढाईच्या दिवसांत, चव्वेचाळीस साली, दिवाळीच्या आधी मी उटणं केलं. तेच, आंबेहळद, नागरमोथा, वाळा. पिशवीत घेऊन कामशेतला गेले. नंदाबाईने ओळख विचारली आणि मागे बोट दाखवलं. तिच्या कडेवर मूल होतं, ती तोंडाने गोड होती.

खोलीत कस्तुरा निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. मी दारात थांबले, कारण मला आधी ती ओळखू आली नाही. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सव्वा मण असेल नसेल. कुणी वैद्य लागला नव्हता, कुणी कुळीथ दळले नव्हते. कुणी काट्यावरही बसवलं नसेल.

तिने मला ओळखलं. या मावशी म्हणाली, जशी काही मी कालच गेले होते. चहा केला. मी म्हणाले, उटणं आणलंय, अंग रगडून देते. तिने आधी नको म्हटलं, मग दार लोटलं.

मी तेल लावलं, वरून खाली. पाठीचे मणके हाताला लागत होते. तिच्या पाठीशी असल्यामुळे मला बोलता आलं. मी सगळं सांगितलं. धनगराचं लोणी, दोन चमचे, मग चार. दिवाळीला ती काय म्हणाली आणि मी आत जाऊन काय केलं. पारड्यापाशी माझ्या जिभेवर काय होतं. आठ वर्षं मी ते शब्द जुळवत होते, तरी ते धड आले नाहीत.

बाहेर हमाल पोती टाकत होते, त्याचे धप धप आवाज येत होते.

"तूप मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं," ती म्हणाली. "भाताच्या घरातली बाई मी. तुपाचा वास मला कळायचा न्हाई?"

माझा हात थांबला. मी विचारलं, "मग प्यालात का?"

"भूक लागली व्हती."

एवढं सोपं. मी इतकी वर्षं ते माझं पाप म्हणून सांभाळलं होतं. त्यात माझी दया होती, माझा एकटेपणा होता, सासूची शिकवण होती. आणि तिची नुसती भूक होती.

"चार महिने मला भूक लागली व्हती," ती म्हणाली. "यांनी वजन विचारलं. सासूबाईंनी पाळी विचारली. वैद्याने शौच विचारलं. भूक लागली का, हे कुणी विचारलं न्हाई. तुमी बी न्हाई, मावशी. तुमी घातलं, पर विचारलं न्हाई. विचारलं असतं तर मी म्हणले असते, त्रिपुरीपर्यंत नको."

ती म्हणाली, पाठ राहिलीय. मी पुन्हा हात लावला. उटणं लावलं, चोळलं, पुसलं. कातडं पातळ आणि कोरडं होतं, पण स्वच्छ होतं. मी विचारलं, जेवता का नीट?

"वाढतात की. नंदा पानात भात वाढते, तूप वाढते. आता भूकच लागत न्हाई."

उरलेलं उटणं मी कोनाड्यात ठेवलं. निघताना म्हणाले, पुढच्या दिवाळीला येईन. ती म्हणाली, या. मी उंबऱ्यातून परत फिरले आणि तिला विचारलं, येताना काय आणू? काय खावंसं वाटतं तुमाला?

कस्तुराने तांदळाचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं. तिने हात थांबवला आणि विचार केला. खरंच विचार करत होती, कपाळाला आठी घालून, जशी ती माझी चुकलेली अक्षरं बघायची. मी उभी राहिले. स्टेशनावर गाडीची घंटा झाली तरी तिला काही सुचत नव्हतं.